ट्यूब बदलली, गजकर्ण तेच: बुरशी औषधाला दाद देईनाशी कशी होते?

शिरूर किंवा दौंडच्या बाजारपेठेत एक छोटा प्रयोग करून बघा. आधी कृषी सेवा केंद्रात जा. कांद्याच्या करप्यासाठी किंवा उसाच्या तांबेऱ्यासाठी ठेवलेल्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचा. टेबुकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल. मग तिथून निघून मेडिकलमध्ये जा आणि खाजेच्या ट्यूब आणि गोळ्यांवरची नावं वाचा. केटोकोनॅझोल, लुलिकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल.

आडनाव एकच आहे, कारण कूळ एकच आहे. या सगळ्या औषधांना मिळून 'ॲझोल' म्हणतात. पिकावरची बुरशी असो की आपल्या जांघेतली, ही औषधं तिच्या शरीरातल्या एकाच जागी घाव घालतात. आणि आता काही बुरशा हा घाव चुकवायला लागल्या आहेत.

औषध लागू पडत नसेल तर आपण म्हणतो, 'आजार औषधाला दाद देत नाही.' योगायोग असा की हिंदीत गजकर्णालाच 'दाद' म्हणतात. गेल्या दहाएक वर्षांत देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ हेच सांगत आहेत की दाद आता दाद देत नाही. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत जाणारं गजकर्ण आता महिनोन्‌महिने राहतं, जातं, परत येतं आणि घरातल्या दुसऱ्याला होतं.

बुरशीला मारणं इतकं अवघड का?

जिवाणूंवर, म्हणजे बॅक्टेरियांवर, चालणारी औषधं भरपूर आहेत. त्यामागे एक सोपं कारण आहे. जिवाणूची पेशी आपल्या पेशीपेक्षा खूप वेगळी असते, त्यामुळे त्याला लागेल आणि आपल्याला लागणार नाही असं ठिकाण शोधणं तुलनेने सोपं जातं. बुरशीचं तसं नाही. उत्क्रांतीच्या झाडावर बुरशी वनस्पतींपेक्षाही प्राण्यांच्या जवळ आहे. भाकरीवर आलेली हिरवट बुरशी नात्याने आपल्याला ज्वारीच्या ताटापेक्षा जवळची, हे पचायला जड आहे, पण खरं आहे.

नातं जवळचं असल्यामुळे बुरशीला मारणारी बरीच रसायनं माणसालाही त्रास देतात. मग फरक कुठे सापडला? पेशीच्या आवरणात. आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात त्याऐवजी एर्गोस्टेरॉल असतं. बहुतेक औषधं या एका फरकावरच उभी आहेत. ॲझोल औषधं एर्गोस्टेरॉल तयार करणारं एक एन्झाइम बंद पाडतात. गजकर्णासाठी सर्रास दिलं जाणारं टर्बिनाफिन त्याच साखळीतलं, थोडं आधीचं दुसरं एन्झाइम बंद पाडतं. ॲम्फोटेरिसिन थेट एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतं, पण त्याचा किडनीवर ताण येतो. चौथा गट आहे इकायनोकॅन्डिन. तो बुरशीच्या बाहेरच्या भिंतीवर काम करतो, पण तो फक्त सलाइनमधून, म्हणजे हॉस्पिटलमध्येच देता येतो.

ढोबळमानाने हत्यारं एवढीच. एक बोथट झालं की पर्याय मोजकेच उरतात.

घाव चुकवण्याच्या तीन युक्त्या

इथे एक गैरसमज आधी बाजूला करू. औषधामुळे बुरशी 'शिकते' असं आपण म्हणतो, पण तसं काही होत नाही. बुरशीचे कोट्यवधी बीजाणू तयार होताना त्यांच्या जनुकांमध्ये आपोआप बारीकसारीक चुका होत असतात. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. एखादी चूक मात्र अशी निघते की तिच्यामुळे औषध लागू पडत नाही. औषध नसतं तेव्हा हा बीजाणू गर्दीत हरवून जातो. औषध मारलं की बाकीचे मरतात, हा उरतो आणि मोकळं रान त्याला मिळतं. औषध पुरेसं नसेल, कमी दिवस असेल किंवा अधूनमधून असेल, तर हे काम आणखी सोपं होतं.

पहिली युक्ती म्हणजे कुलूप बदलणं. औषध ही किल्ली धरली तर ती बुरशीच्या एका विशिष्ट एन्झाइममध्ये बसते. त्या एन्झाइमच्या साखळीतला एखादा मणी बदलला की किल्ली बसत नाही. एन्झाइमचं स्वतःचं काम मात्र चालूच राहतं. गजकर्णाच्या बुरशीने टर्बिनाफिनच्या बाबतीत हेच केलं. स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाच्या एन्झाइममध्ये ३९७ व्या जागेवरचा एक मणी बदलला, एवढंच.

दुसरी युक्ती म्हणजे कुलपांची संख्याच वाढवणं. औषध दहा एन्झाइम बंद पाडणार असेल, तर बुरशी शंभर तयार करते.

तिसरी युक्ती शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. वावरात पाणी साचलं की आपण मोटर लावून उपसतो. बुरशीच्या पेशीतही असे प्रथिनांचे पंप असतात. काही बुरशा या पंपांची संख्या वाढवतात आणि आत शिरलेलं औषध तितक्याच वेगाने बाहेर फेकतात.

काही बुरशा या तिन्हीपैकी दोन युक्त्या एकत्र वापरतात. त्याचं उदाहरण पुढे येईल.

गजकर्णाला भारताचं नाव

२०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी गजकर्णाच्या बुरशीची एक नवी प्रजाती नोंदवली. तिथे राहणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेतून ती मिळाली होती आणि टर्बिनाफिन तिच्यावर जवळपास चालतच नव्हतं. नाव ठेवलं ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. 'इंडो' म्हणजे भारत आणि 'टिनिया' म्हणजे गजकर्ण. देशाचं नाव आजाराला चिकटवणं बरोबर आहे का यावर नंतर वाद झाला आणि तो रास्तच होता, पण नाव रूढ झालं.

त्याआधी, २०१८ मध्ये, दिल्लीत झालेल्या एका अभ्यासात तपासलेल्या अशा बुरशीच्या नमुन्यांपैकी सुमारे एक तृतीयांश नमुने टर्बिनाफिनला दाद देत नव्हते. २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने न्यूयॉर्कमधल्या दोन महिलांची माहिती प्रसिद्ध केली. दोघींनाही अंगभर चट्टे होते आणि टर्बिनाफिनने गुण आला नव्हता. एकीला बांगलादेशात असताना त्रास सुरू झाला होता. दुसरी परदेशात कुठेच गेली नव्हती. म्हणजे तिला तो न्यूयॉर्कमध्येच लागला.

ही बुरशी माणसाकडून माणसाकडे जाते. त्वचेचे सुटलेले बारीक कोंडे टॉवेलवर, चादरीवर, कपड्यांवर राहतात आणि त्यातली बुरशी बरेच महिने जिवंत राहू शकते. आता रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत काम करणाऱ्या पोरांची खोली डोळ्यासमोर आणा. चार-पाच जण, वाळत टाकायला एकच दोरी, शिफ्ट बदलली की त्याच गादीवर दुसरा. वर जाड जीन्स आणि एप्रिल-मेचा घाम. किंवा हंगामात फडाशेजारी खोप्या टाकून राहणारी ऊसतोड कामगारांची टोळी, जिथे अंघोळीच्या पाण्याचीच मारामार असते. अशा ठिकाणी एकट्याने उपचार घेऊन भागत नाही. एक जण बरा होतो तोवर दुसऱ्याला झालेलं असतं आणि मग ते पहिल्याकडे परत येतं.

म्हणून हेही स्पष्ट सांगायला हवं की परत येणारं प्रत्येक गजकर्ण 'रेझिस्टंट' नसतं. अनेकदा औषध चालत असतं, पण उपचार अर्ध्यात सुटलेला असतो किंवा घरातल्या दुसऱ्याकडून लागण पुन्हा झालेली असते. आणि अनेकदा दोष ट्यूबमध्येच असतो.

त्या ट्यूबमध्ये असतं तरी काय?

'खाजेची एक ट्यूब द्या.' हे वाक्य काउंटरवर रोज ऐकू येतं. समोरून जी ट्यूब येते तिच्या मागची यादी एकदा वाचा. अनेक लोकप्रिय ट्यूबमध्ये तीन-चार औषधं एकत्र असतात. बुरशीवरचं एखादं, जिवाणूंवरचं एखादं-दुसरं आणि एक स्टेरॉइड, बहुतेकदा क्लोबेटासॉल किंवा बेक्लोमेथासोन.

खरी जादू स्टेरॉइडची असते. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, चट्टा फिका पडतो. माणूस खूश होऊन ट्यूब बंद करतो. पण स्टेरॉइड बुरशीला मारत नाही. ते त्या जागेवरच्या आपल्या प्रतिकारशक्तीला गप्प बसवतं. खाज आणि लाली म्हणजे शरीराने चालवलेली लढाईच होती, ती थांबली. बुरशी आत निवांत पसरत राहते आणि ट्यूब बंद केल्यावर दुप्पट जोराने वर येते. कधी चट्ट्याचं रूपच इतकं बदलतं की गोल कड दिसत नाही आणि डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. जांघेत महिनोन्‌महिने अशी ट्यूब लावली तर त्वचा पातळ होते आणि गरोदरपणात पोटावर पडतात तसे व्रण उमटतात. ते कायमचे राहतात.

बुरशीच्या बाजूने पाहिलं तर याहून चांगली सोय नाही. औषधाची मात्रा अर्धवट, लावण्याचे दिवस अर्धवट आणि वर शरीराचा विरोधही थंड. भारतातली गजकर्णाची साथ इतकी चिवट होण्यामागे त्वचारोगतज्ज्ञ या मिश्रणांना एक मुख्य कारण मानतात. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने याविरुद्ध अनेक वर्षं पाठपुरावा केला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ औषध-मिश्रणांवर बंदी आली आणि त्यात यातली काही मिश्रणंही होती. काही कंपन्या कोर्टात गेल्या. बंदीच्या यादीत नसलेली मिश्रणं बाजारात राहिली. चिठ्ठीचा नियम कागदावर आहे, पण खाजेची ट्यूब घेताना तुम्हाला शेवटची चिठ्ठी कधी मागितली होती, ते आठवून बघा.

आणि ट्यूबचा ब्रँड बदलला म्हणजे औषध बदललं असं होत नाही. तीन वेगळ्या रंगांच्या खोक्यांत तोच क्लोबेटासॉल असू शकतो.

शेतातून फुप्फुसात

आता सुरुवातीच्या बाटल्यांकडे परत येऊ. गजकर्णाच्या बाबतीत शेतीला दोष देता येत नाही. टर्बिनाफिन पिकांवर मारत नाहीत आणि ही बुरशी माणसांमध्येच फिरते. पण दुसरी एक बुरशी आहे, तिची गोष्ट मात्र शेतातच सुरू होते.

तिचं नाव ॲस्परजिलस फ्युमिगेटस. कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर, उकिरड्यावर, खताच्या ढिगात ती वाढते. ढीग आतून तापतो तेव्हा बाकीच्या बुरशा माघार घेतात, हिला मात्र ती ऊब मानवते. तिचे बीजाणू हवेत असतात आणि आपण सगळेच रोज ते श्वासावाटे आत घेतो. धडधाकट माणसाला काही होत नाही. पण रक्ताचा कॅन्सर, अवयव प्रत्यारोपण, आयसीयूतला दीर्घ मुक्काम किंवा जुन्या टीबीने फुप्फुसात पडलेली पोकळी असेल तर ही बुरशी तिथे घर करते. टीबी बरा होऊन काही वर्षं झाली, थुंकीत टीबीचे जंतू नाहीत आणि तरी खोकल्यातून रक्त येतं, अशा काही रुग्णांमध्ये कारण ही बुरशी असतं. त्यावर तोंडाने घ्यायच्या गोळ्या म्हणजे ॲझोलच, आणि त्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात.

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांना १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून असे रुग्ण दिसू लागले ज्यांच्यातल्या ॲस्परजिलसवर ॲझोल चालत नव्हतं. विचित्र भाग असा की त्यातल्या अनेकांनी आयुष्यात कधी ॲझोलची गोळी घेतलेली नव्हती. मग बुरशीला औषध भेटलं कुठे? तपास शेतांकडे वळला. पिकांवर मारलेलं ॲझोल कुजणाऱ्या कचऱ्यात उतरतं आणि ॲस्परजिलस त्याच कचऱ्यात वाढते. नेदरलँड्समध्ये ज्या जागा अशा बुरशीची आगारं म्हणून पुढे आल्या, त्यात ट्यूलिपसारख्या फुलांच्या कंदांच्या कचऱ्याचे ढीग होते.

या बुरशीत दोन युक्त्या एकत्र दिसतात. एन्झाइमच्या ९८ व्या जागेवरचा मणी बदललेला, म्हणजे कुलूप बदललेलं. शिवाय जनुकाच्या सुरुवातीला ३४ अक्षरांचा एक तुकडा दोनदा लिहिला गेलेला, त्यामुळे एन्झाइम जास्त प्रमाणात तयार होतं. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी भारतातली माती आणि हवा तपासली, तेव्हा नेमका हाच बदल असलेली बुरशी त्यांना इथेही मिळाली. भाताची खाचरं, चहाचे मळे, कुंड्यांमधली माती. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता ट्यूलिपच्या जागी कांदा ठेवून बघा. तोही कंदच. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात करप्यासाठी कांद्यावर ॲझोलच्या फवारण्या होतात. पुढे पावसाळ्यात चाळीतला सडका कांदा निवडून बांधाला किंवा ओढ्याच्या कडेला फेकला जातो. तो ढीग कुजतो, तापतो. नेदरलँड्समध्ये जी परिस्थिती धोक्याची ठरली, तिचे सगळे घटक इथे जमून येतात.

फवारणी बंद करा असं यातून निघत नाही. करप्याने पात गेली तर त्या शेतकऱ्याचं वर्ष जातं. पण फवारणी कशी करायची याबद्दल यातून बरंच काही निघतं.

द्राक्षवाले हे आधीच भोगून बसलेत

औषधाला दाद न देणारी बुरशी द्राक्ष बागायतदाराला नवी नाही. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये महाराष्ट्रातल्या बागांमधल्या केवड्याबद्दल एक नोंद प्रसिद्ध केली. स्ट्रोबिल्युरिन गटातल्या बुरशीनाशकांना हा केवडा दाद देत नव्हता. (शास्त्रीयदृष्ट्या केवड्याचा जीव खरी बुरशी नाही, लांबचा नातेवाईक आहे. पण निसटण्याची युक्ती तीच: एक मणी बदलला.)

जगभरात बुरशीनाशकांना ती कुठे घाव घालतात त्यानुसार गट क्रमांक दिलेले आहेत. सगळे ट्रायॲझोल गट ३ मध्ये, स्ट्रोबिल्युरिन गट ११ मध्ये. मॅन्कोझेबसारखी स्पर्शजन्य औषधं 'एम' गटात येतात. ती एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतात, म्हणून त्यांना चुकवणं बुरशीला फार अवघड जातं. या आठवड्यात टेबुकोनॅझोल आणि पुढच्या आठवड्यात 'बदलून' हेक्झाकोनॅझोल मारलं, तर पैसे दोनदा गेले आणि बुरशीला एकाच घावाची तालीम दोनदा मिळाली. बाटली बदलली, गट तोच राहिला. दोन औषधं मिसळून येणाऱ्या बाटल्यांमध्ये तर अनेकदा एक घटक गट ३ चा असतोच. शिरूरला लागूनच असलेल्या खेड तालुक्यात, राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे. दुकानदाराच्या शब्दावर फवारणी ठरवण्याआधी तिथल्या शिफारशी बघणं फुकटात होतं.

नवी औषधं येत आहेत, पण तिथेही हाच पेच आहे. ॲझोलला न जुमानणाऱ्या ॲस्परजिलससाठी ओलोरोफिम नावाचं नव्या प्रकारचं औषध माणसांवरच्या चाचण्यांमध्ये आहे. ते मेडिकलमध्ये पोहोचण्याआधीच अमेरिकेत पिकांसाठी एका बुरशीनाशकाला मंजुरी मिळाली, जे बुरशीत नेमक्या त्याच ठिकाणी घाव घालतं.

आणि तो 'ब्लॅक फंगस'?

२०२१ च्या कोरोना लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने अनेकांचे डोळे आणि जबडे गेले. म्युकर औषधांना दाद द्यायचा 'थांबला' असं मात्र नव्हतं. फ्लुकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल त्याच्यावर मुळातच चालत नाहीत. म्हणून सगळा भार ॲम्फोटेरिसिनवर आला आणि त्या इंजेक्शनसाठी नातेवाईकांची वणवण झाली. त्याच काळात कांद्याच्या सालीवरच्या काळ्या थरामुळे ब्लॅक फंगस होतो, असा मेसेज तुम्हालाही आला असेल. तो खोटा होता. कांद्यावरची काळी बुरशी वेगळी, बहुतेकदा ॲस्परजिलस नायजर. ती धुऊन काढा, कांदा सडलेला असेल तर टाका.

चट्टा गेला नाही तर

ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्यांदाच धोकादायक बुरशांची यादी काढली. त्यात १९ बुरशा आहेत आणि ॲस्परजिलस फ्युमिगेटस सगळ्यात वरच्या गटात आहे. गजकर्णाने कुणी मरत नाही, त्यामुळे ते अशा यादीत वर येत नाही. पण रात्रीची झोप, लग्नाची बोलणी, कामावरचा खाडा या सगळ्यावर त्याचा परिणाम होतो, आणि लाजेपायी लोक डॉक्टरकडे जायच्या आधी चार ट्यूब संपवतात.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. चट्ट्याच्या कडेची त्वचा खरवडून, रसायनाच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशी आहे की नाही हे त्यात कळतं, कोणतं औषध चालेल हे कळत नाही. त्यासाठी बुरशी वाढवून बघावी लागते, त्याला काही आठवडे लागतात आणि ही सोय मोजक्याच प्रयोगशाळांमध्ये आहे. त्यामुळे डॉक्टर बहुतेकदा रुग्णाचा इतिहास बघून औषध ठरवतात. टर्बिनाफिनने गुण आला नसेल तर सहसा इट्राकोनॅझोलकडे वळतात. ही गोळी इतर काही औषधांबरोबर आणि हृदयाचा किंवा लिव्हरचा त्रास असताना धोक्याची ठरू शकते, म्हणून शेजाऱ्याला लागू पडली म्हणून आपण घ्यायची नाही. चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर काही दिवस औषध चालू ठेवायला सांगतात, तेवढे दिवस पूर्ण करायचे. घरात ज्यांना ज्यांना आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, कपडे कडक उन्हात उलटे करून वाळवायचे आणि ओली अंतर्वस्त्रं घालायची नाहीत.

शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात, दौंडच्या सरकारी दवाखान्यात किंवा पुण्याला ससूनच्या त्वचारोग विभागात, जिथे जाल तिथे आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून घेऊन जा. संपलेल्याही. कशाने गुण आला नाही आणि स्टेरॉइड किती दिवस लागलंय, हे डॉक्टरांना त्या रिकाम्या ट्यूबच्या मागच्या बारीक अक्षरांवरून कळेल.